पेवातले चिरूट

चिरुटाची गोष्ट सांगतो म्हटलं की ऐकणाऱ्याच्या तोंडावर लगेच हसू येतं. त्याला वाटतं, या पोरानं एखादा चोरून ओढला असंल, परसात ठसका लागला असंल, पोटात ढवळलं असंल. तसलं काय झालं असतं तर बरं झालं असतं, एका दुपारीत निकाल लागला असता. मी त्या चिरुटाला तोंड लावलं न्हाई. मी नुसती त्यांची सेवा केली. आमच्या साताऱ्याच्या घरात माणसांची झाली न्हाई एवढी सेवा त्या चिरुटांची झाली, अन् ती बहुतेक माझ्या हातनं.

मी शाळेसाठी चुलत्यांकडं राहायचो. त्यांना आमी सगळी तात्या म्हणतो. तात्या पलटणीत जमादार होते. लढाई संपली तवा पेन्शन घेऊन घरी आले. येताना एक ट्रंक, एक वळकटी अन् काखेत मूल धरावं तशी धरलेली एक पेटी. पेटी त्यांच्या साहेबाची. साहेबाची बदली होत होती दमट मुलखात, तिथं चिरुटाला बुरशी धरती. तुमचं गाव डोंगराचं, हवा चांगली, तर घरी ठेवा, विलायतेला जाताना मी घेऊन जाईन, असं साहेबानं सांगितलं होतं. वर हेबी सांगितलं होतं, की जितका पुराना तितका अच्छा. तात्यांनी शब्द दिला. झालं, आमच्या घरात पलटण आली.

पेटी दिसायला देखणी होती. बाहेरनं सागवान, आतनं कसल्या तरी वासाच्या लाकडाचं अस्तर. झाकणाखाली पितळेची जाळीची डबी, तिच्यात ओला बोळा ठेवायचा. अन् झाकणाच्या आतल्या अंगाला मधोमध घड्याळासारखा एक काटा. आत ओल किती हाय ते तो दाखवायचा. काटा तांबड्या रेघेवर पाहिजे. खाली गेला तर चिरूट वाळून त्याचा भुगा, वर गेला तर बुरशी. आता मला सांगा, साताऱ्यात उन्हाळ्यात माणसाचे ओठ फुटतात, तिथं काटा रेघेवर कसा राहणार?

बोळा भिजवायचं काम माझं. पाणी उकळलेलं, गाळलेलं, गार केलेलं. काकी चुलीपाशी म्हणायची, सासरे आजारी होते तवा त्यांनाबी पाणी उकळून दिलं न्हाई, अन् आता तंबाखूला देते. मी कांदा खाल्ला असंल तर पेटीला हात लावायचा न्हाई. लसूण खाल्ला असंल तर त्या खोलीतबी जायचं न्हाई. तंबाखूला वास लगेच लागतो म्हणं. तात्या आधी माझ्या बोटांचा वास घ्यायचे. अन् स्वतः? तात्या चिरूट ओढत न्हाईत. ते चुना-तंबाखू मळून खातात, अन् खाऊन त्याच तोंडानं माझी बोटं हुंगतात.

चैत्र लागला अन् काटा घसरला. तवा आमचा पाण्याचा माठ उचलून त्या खोलीत पेटीशेजारी गेला. खिडकीला ओलं पोतं लागलं. आमी तहान लागली की दार एवढंसं उघडायचं, आत शिरायचं, दार लावायचं, पाणी प्यायचं, परत तसंच बाहेर. शेजारच्या बाई एकदा काकीला हळूच विचारून गेल्या, आत कोण निजलंय? काकी तात्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "बाळंतीण हाय. माझ्या बाळंतपणात यांनी कवा दार लावलं न्हाई, आता वारा लागल म्हणून लावतात."

तात्यांचं ध्यान कुठं? ते काट्याकडं. चवड्यावर चालत पेटीजवळ जायचे. झाकण बोटभर उचलायचे. एक डोळा मिटायचा, दुसरा त्या फटीला लावायचा. मग काट्याला हळूच विचारायचे, "काय म्हणतोस?" मला नकला करायची खोड हाय. शाळेतल्या मास्तरांपासून दारावरच्या बोहारणीपर्यंत मी कुणाला सोडलं न्हाई. पण हे बघून मी कंटाळलो होतो. ज्याची नक्कल रोज आपल्यासमोर फुकट चालती, ती आणखी काय करायची?

अशात सांगलीहून माझे मामा आले. मामा हळदीच्या एका शेठजींकडं दिवाणजी हायत. पाणी मागितलं तर त्यांना दार एवढंसं उघडून आत ढकललं, म्हणून त्यांनी विचारलं, हे काय? तात्यांनी सगळं सांगितलं. मामांनी ऐकलं अन् म्हणाले, यात काय एवढं, आमच्या सांगलीशेजारच्या हरिपूरला पेवात टाकू. पेव म्हणजे जमिनीत खणलेला, वर तोंड लहान अन् आत पोट मोठं असा खड्डा. तिथली मातीच अशी, की त्यात हळद भरून तोंड लिंपलं की ऊन न्हाई, वारा न्हाई, कीड न्हाई. वर्षं दोन वर्षं राहती.

"अन् जुनी झाल्यावर?" तात्यांनी विचारलं.

"रंग चढतो की. पेवातल्या हळदीला भाव जास्त."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. जितका पुराना तितका अच्छा, हे त्यांच्या डोक्यात वाजलेलं मला ऐकू आलं. कांद्याचा वास लागंल म्हणून माझी बोटं हुंगणाऱ्या माणसाला पेवात वास कशाचा असंल, हा विचार शिवला न्हाई. मलाबी शिवला न्हाई. पेटी घरातनं जाती, माठ जागेवर येतो, एवढंच मला दिसलं. मेणकापडात तीनदा गुंडाळून पेटी मामांबरोबर गेली. त्या रात्री आमी सगळ्यांनी कांद्याचं पिठलं खाल्लं.

पावसाळा सुखात गेला. दसरा झाला अन् बेळगावकडनं तात्यांच्या पलटणीतला एक जुना शिपाई निरोप घेऊन आला. साहेब विलायतेला चाललेत. रविवारी मोटारीनं पुण्याकडं निघणार, वाटेत साताऱ्याला जमादारसाहेबांच्या घरी थांबून पेटी नेणार.

तात्यांनी त्याला चहा पाजला, साहेबाची खुशाली विचारली, दारापर्यंत पोचवलं. मग आत येऊन मला म्हणाले, "सांगलीला जा. पेटी घेऊन ये. तिच्याबिगर येऊ नको." आवाज चढवला न्हाई, म्हणून मला जास्त भ्या वाटलं. ते पुढं म्हणाले, साहेबानं पलटणीत दुसऱ्या कुणाला काय ठेवायला दिलं न्हाई, मला दिलं.

सर्व्हिस मोटारीनं मी निघालो. कऱ्हाडात टायर बसलं, इस्लामपुरात ड्रायव्हर जेवायला गेला तो झोपूनच उठला. सांगलीत पोचलो तवा दिवेलागण झाली होती. मामांना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. पेटी वर ठेवली असती तर तोंड जरासं फोडून काढली असती अन् लगेच लिंपलं असतं. पण वर ऊब लागंल म्हणून मामांनी प्रेमानं ती मधोमध ठेवली होती. निम्मी हळद खाली, निम्मी वर. अन् पेवाचं तोंड एवढा वेळ उघडं राहिलं की सगळा माल काढावा लागतो, आत हवा शिरली की माल टिकत न्हाई. शेठजी तर भाव चढायची वाट बघत दिवाळीपर्यंत थांबणार होते. एका पेटीसाठी ते पेव फोडतील? मामा म्हणाले, मी विचारणार न्हाई, माझी नोकरी हाय. तूच बोल.

सकाळी शेठजींच्या पेढीवर गेलो. शेठजी लोडाला टेकून पान लावत होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तंबाखूच ना? बाजारात जा, लागंल तेवढी आण." मी म्हटलं, तसली न्हाई, साहेबाची हाय. ते म्हणाले, मग साहेबाला बाजारात धाड. पेढीवरची माणसं हसली. मी काट्याचं सांगितलं, ओलीचं सांगितलं, त्यांना काय पटंना. मला असा राग आला, साहेबाचा, तात्यांचा, मामांचा, त्या काट्याचा, की मी उठलो अन् शेठजींचा पानाचा डबा उचलून गादीवर मधोमध ठेवला. म्हटलं, बघा, आमच्या घरात काय चालतं ते.

अन् मी तात्या झालो. चवड्यावर चालत आलो. डब्याचं झाकण बोटभर उचललं, एक डोळा मिटला. "काय म्हणतोस?" मग स्वतःचीच बोटं हुंगली, नाक मुरडलं. मग काकी झालो, बाळंतिणीचं बोललो. शेठजी हसून हसून लोडावर पडले. तोंडातलं पान धोतरावर सांडलं. ते म्हणाले, आणखी कर. मला चेव आला. म्हटलं, आता रविवार. साहेब मोटारीतनं उतरला. मी साहेब झालो, हात पुढं केला, "जमादार साब, हमारा पेटी?" परत तात्या झालो. टाचा जुळवल्या, सलाम ठोकला.

पुढं काय बोलायचं ते मी ठरवलंच न्हवतं. पेटी न्हाई हे तात्या कसं सांगतील, मला सुचंना. हात कपाळाशी तसाच राहिला, तोंड उघडं, शब्द न्हाई. मी हसवायला उभा राहिलो होतो, अन् आता कुणी हसंना. हात खाली घ्यावा तर घेववंना.

शेठजी उठून बसले. धोतरावरचं पान झटकलं. मामांना म्हणाले, "दिवाणजी, गिऱ्हाईक फिरतंयच चार दिवस. उद्या पेव उघडा." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "हात खाली घे रं बाबा आता."

दुसऱ्या दिवशी हरिपूरला पेवाचं तोंड फोडलं. आतनं असा उग्र दर्प आला की आमी सगळी मागं सरलो. लगेच कुणी उतरत न्हाई, आत हवा वाईट असती. तोंड उघडं ठेवलं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडला, तो विझला न्हाई तवा हमाल उतरले. टोपल्यामागून टोपलं वर येत होतं. हमाल डोक्यापासून पायापर्यंत पिवळे. मी काठावर बसून प्रत्येक टोपल्यात डोकावत होतो. दुपार कलली तवा पेटी वर आली. मेणकापड एका कोपऱ्यात फाटलं होतं. मी झाकण उघडलं. काटा तांबड्या रेघेवर पहारेकऱ्यासारखा ताठ उभा. चिरूट मऊ, तुकतुकीत. अन् वास? हळदी-कुंकवाला आलोय असं वाटलं.

मामा माझ्याबरोबर साताऱ्याला आले, कारण एकट्यानं तात्यांसमोर जायची माझी छाती न्हवती. तात्यांनी पेटी उघडली, वास घेतला, अन् मिटली. काकीनं पेटीला धूप दाखवू का विचारलं, तर त्यांनी पेटी तिच्यापासून लांब सरकवली.

रविवारी मोटार आली. साहेब उंच, उन्हानं भाजलेला, केस पिकायला लागलेले. तात्या पलटणीचा कोट घालून, बिल्ले लावून अंगणात उभे. पेटी हातात दिली. साहेबानं झाकण उघडून आधी काटा बघितला, मान हलवली. मग नाक खाली नेलं, अन् तसंच ठेवलं. मग तात्यांकडं बघून म्हणाला, "जमादार साब, इसका शादी हुआ क्या?"

तात्या हसले न्हाईत. समोर बघत सगळं सांगितलं. पेव, हळद, स्वतःची चूक. मामांचं नाव घेतलं न्हाई, माझंबी न्हाई. साहेबानं ऐकून घेतलं. एक चिरूट काढला, टोक कापलं, पेटवला, अंगणातच उभा राहून ओढला. धूर आमच्या तुळशीवरनं गेला. अर्धा झाल्यावर म्हणाला, "अच्छा है." खरं बोलला का तात्यांसाठी बोलला, देव जाणे. मग सलाम सोडून तात्यांचा हात हातात घेतला, बराच वेळ हलवला, पेटी मांडीवर घेऊन मोटारीत बसला अन् गेला.

जेवायला बसलो. सगळ्यांचा जीव भांड्यात पडलेला. मामांच्या तर बोलण्याला नुसता ऊत आला. म्हणाले, पाव्हणं, तुमच्या पुतण्यानं शेठजींपुढं तुमची अशी नक्कल केली, हुबेहूब, शेठजी विरघळले. मग मला म्हणाले, "कर की रं." काकी तोंडाला पदर लावून हसायला लागली. मीबी शहाणा, उठलो. चवड्यावर चालण्यापासून सलामापर्यंत सगळं केलं. हात कपाळाशी, तोंड उघडं, शब्द न्हाई.

तात्यांनी घास ताटात ठेवला.

"हे मी?" ते म्हणाले. "साऱ्या पेढीला तू असा मला दाखवलास? मुका करून?"

मी म्हटलं, आवं तात्या, त्यानंच तर पेटी निघाली.

"पेटी गेली खड्ड्यात. मी कवा साहेबापुढं असा उभा राहिलो? आज डोळ्यांनी बघितलंस ना? चूक झाली, ती तोंडानं सांगितली. पेटी हरवली असती तर तेबी सांगितलं असतं, हरवली साहेब, काय सजा द्यायची ती द्या. अन् तू मला आ वासून उभा केलास, लोकांना कीव यावी म्हणून. अन् कोपर बघ कुठं गेलंय. असा सलाम पलटणीत रोट्या भाजणारा भटारीबी करत न्हाई. माणूस नीट बघायचा न्हाई, अन् सोंगं काढायची. खाली बस. भात गार झाला सगळ्यांचा."