मामांच्या ओंजळीतल्या खारी

मामा, म्हणजे माझे सासरे, गेल्याचा निरोप आला तेव्हा मी परतूरला भावाकडे होते. फोनवर नवरा एवढंच म्हणाला, "बाबा गेले... दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच न्हाईत." लगोलग निघाले. जालन्याला एसटी बदलून जाफराबादच्या गाडीत बसले आणि रडता रडता एकदम हसू फुटलं. शेजारची बाई दचकून बघायला लागली. तिला काय सांगणार? मामा माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदा काय बोलले होते, ते आठवलं होतं...

सत्त्याऐंशी साली लग्न होऊन मी या घरात आले. सासूबाई आधीच वारलेल्या. नवरा सकाळीच नोकरीवर जाफराबादला जायचा. मागं उरायचो मामा आणि मी, दोघं मुके. सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही, ही रीत. मामा अंगणातल्या शेळीकडं बघून म्हणायचे, "आज भूक लई लागून राह्यली बुवा," की मी ताट वाढायची. मीही शेळीलाच सांगायची, "भाकरी झाली." त्या शेळीनं वर्षभर आमचा संसार चालवला.

पुढच्या चैत्रात वावटळीनं कडुलिंबावरचं खारीचं घरटं खाली पाडलं. बोटाएवढी तीन पिल्लं, गुलाबी, डोळे मिटलेले. मांजर टपलेलंच होतं. मी त्यांना पदरात उचललं आणि कापसाची वात दुधात बुडवून पाजलं. सकाळी बघते तर एक गेलेलं, उरलेल्या दोघांची पोटं टम्म फुगलेली. चुलीपुढं बसून मी हमसून रडत होते. दाराशी खाकरल्याचा आवाज आला. मामा शेळीकडं न बघता सरळ माझ्याकडं बघून म्हणाले, "पोरी, नुसतं पाजून भागत न्हाई. मुतवावं बी लागतं."

मला धरणी दुभंगावी असं झालं. तेही ओशाळून फेट्याचं टोक चाळवत उभे राहिले. पण मग खाली बसले, चिंधी कोमट पाण्यात भिजवली आणि पिल्लाच्या पोटाखाली हलकेच फिरवू लागले. "माय चाटती ना, तसं. चाटल्याबिगर त्याला होत न्हाई." तरुणपणी मेंढरांमागं हिंडताना आई मेलेली कोकरं त्यांनी अशीच जगवली होती. थोड्या वेळानं त्यांच्या तळव्यावर दोन थेंब पडले. "झालं बराबर!" ते ओरडले, आणि आम्ही दोघंही हसत सुटलो.

दोन्ही पिल्लं जगली. शेळीचं दूध, त्यात पाणी, शाईच्या ड्रॉपरनं थेंब थेंब पाजायचं. पाजता पाजता मामा बोलत राहायचे... सासूबाईंचा राग, मेंढरांच्या वाटा, गोदाकाठची थंडी. रीत कधी मोडली, कुणाच्या लक्षातही आलं नाही. पुढं गावभरचे लोक पडलेली पिल्लं आणून देऊ लागले. एकदा कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटताना उंदराची पाच पिल्लं सापडली, तीही मामांनी ठेवून घेतली. शेजारी म्हणाला, "मामा, उंदीर पाळून राह्यले, मंग ज्वारी कोण राखंल?" मामा म्हणाले, "दुश्मनी मोठ्याशी. लेकराशी कसली?" पिल्लं मोठी झाल्यावर मात्र त्यांनी ती नाल्यापल्याड नेऊन भावकीच्या बांधावर सोडली आणि आठवडाभर मिशीतल्या मिशीत हसत होते.

नवऱ्याला हे बिलकुल पटत नसे. त्याचे साहेब घरी जेवायला आले तेव्हा मामांच्या फेट्यातून खार बाहेर आली, तेव्हापासून तर तो मित्रांनाही घरी आणेना. बापलेकांचं बोलणं कामापुरतंच उरलं होतं. मामा त्याची वाट बघायचे, पण हाक मारायचे नाहीत.

तेरावं होऊन दोन दिवस झाले असतील. शेजारच्या गावची एक म्हातारी डबा घेऊन दारात आली. "मामा हायत का?"

नवरा दारातच होता. "न्हाईत. बाबा गेले."

"आरं देवा... मंग येती मी."

ती वळली. नवरा तिच्या पाठीकडं बघत राहिला आणि एकदम म्हणाला, "थांबा मावशी."

डबा घेऊन तो आत आला आणि मामांच्या घोंगडीवर बसला. डब्यात खारीचं एकच पिल्लू वळवळत होतं. "कसं करायचं असतं?" त्यानं माझ्याकडं न बघता विचारलं. मी चिंधी भिजवून त्याच्यापुढं धरली. त्यानं ती घेतली, डब्यात बोट घातलं आणि पटकन मागं ओढलं.

"चावंल का?"

"दात यायचेत अजून," मी म्हणाले.

मग त्यानं ओंजळ पुढं केली.