पत्र्याचा आवाज

चिकलठाण्यातले आमचे शेजारी भेटले की आधी माझ्या गाडीच्या दारावर बोटानं टकटक करतात, मग नमस्कार. त्यांची नवी गाडी माझ्या गाडीसारखीच दिसते, पण निम्म्या किमतीची.

"सेम टू सेम हाय की, भाऊ. मग बाकीचे पैसे कशाचे घेतात हो?" विचारताना ते हसतात, उत्तराची वाट बघताना हसत नाहीत. मी विषय बदलतो.

परवा वैजापूरला एकाच लग्नाला निघालो. त्यांनी नातीला उचलून माझ्या गाडीत बसवलं, पट्टा लावला, दोनदा ओढून पाहिला.

"आम्ही दोघं म्हातारे येतो मागून. तुम्ही व्हा पुढं."

वैजापूरपर्यंत मी समोरचा रस्ता कमी आणि आरशात त्यांची गाडीच जास्त पाहिली.