हिरवा ठिपका आणि काकांचा चष्मा

महिन्याची पंचवीस तारीख उलटली की माझं कशातच लक्ष लागत नसे. सकाळी इंदूरच्या खजराना चौकात कंपनीच्या बसमध्ये चढले की पीथमपूर येईपर्यंत मी बोटांवर मोजत बसायचे, किती सूचना आल्या आणि किती राहिल्या. आमच्या कारखान्यात दर कामगाराने महिन्याला एक तरी सुधारणा सुचवायची असा नियम होता, आणि गिअर विभागात तो पाळून घेणं माझ्या गळ्यात पडलं होतं. सगळ्यांच्या सूचना आल्या तर फाटकाजवळच्या फलकावर आमच्या विभागापुढे हिरवा ठिपका, नाहीतर लाल. लाल ठिपक्यावरून मोठ्या साहेबांनी मला एकदा भर बैठकीत उभं करून झापलं होतं. सांगली सोडून मी इतक्या लांब आले ती काही यासाठी नव्हे.

मग मी युक्ती काढली. कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसून सगळ्यांचे फॉर्म मीच भरायला लागले. इथे पिवळी पट्टी मारा, तिथे नावाची चिठ्ठी लावा, असलं काहीबाही. खाली ज्याची त्याची सही घेतली की झालं. कुणाचीच तक्रार नव्हती.

सह्या देण्यात सगळ्यात बिनधास्त होते गिअर धुण्याच्या मशीनवरचे काका. घर जुनी इंदूर मोहल्ल्यात, पणजोबा दरबारच्या फौजेत, याचा त्यांना फार अभिमान. चष्मा खिशात तसाच ठेवून ते सही ठोकायचे. "तुम्ही लिहिलंय मॅडम, तर ठीकच असेल. पढायची काय जरूरत?"

त्यांची स्वतःची मात्र एक सूचना होती. गिअर भरलेला क्रेट जमिनीवर असायचा, आणि दर गिअर उचलायला त्यांना कमरेतून वाकावं लागायचं. "क्रेटखाली एक स्टँड लावून द्या ना. संध्याकाळी घरी जोडे काढायला वाकता नाही येत." हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा मी म्हटलं, "फॉर्मवर लिहून द्या, काका." तिसऱ्या वेळी ते वैतागले. "सांगून तर दिलं ना! बाकी सगळं तुम्ही लिहिता, माझंच काय बिगडलं?"

काय बिगडलं ते मला ठाऊक होतं. स्टँड म्हणजे ड्रॉइंग, मंजुऱ्या, सुरक्षा विभागाची पाहणी. त्यात महिना निघून गेला असता. पिवळी पट्टी दुपारपर्यंत वाळते.

वर्षाच्या शेवटी मुख्यालयातून पाहुणे आले. सकाळी मला कळलं की काकांच्या नावावर मी खपवलेली, वेगवेगळ्या गिअरसाठी रंगीत ट्रेची सूचना वर्षभराच्या सूचनांत पहिली आली आहे, आणि अकरा वाजता त्यांनी स्वतः मंचावर येऊन ती समजावून सांगायची आहे. त्यांनी तो फॉर्म वाचलासुद्धा नव्हता.

मी धावत मशीनपाशी गेले. काका वाकलेलेच होते. ट्रे काय, रंग कुठले, फायदा काय, मी भडाभडा सांगत सुटले आणि ते गिअर उचलत राहिले. "माझी नोकरी जाईल हो, काका." त्यावर ते सरळ झाले, एक हात कमरेवर दाबून. "टेन्शन नका घेऊ. हो जाएगा." तेव्हा त्या हाताकडे माझं लक्षही गेलं नाही. मी घड्याळ बघत होते.

मंचावर काका झकास बोलले. मला सुचलं नव्हतं तेही त्यांनी घातलं, की त्या कोपऱ्यात उजेड कमी असतो म्हणून निळ्याऐवजी पिवळा रंग बरा. पाहुण्यांनी विचारलं, "ये आइडिया आया कैसे?" मी खुर्चीचा हात घट्ट धरला. काका म्हणाले, "काम करते-करते, सर." टाळ्या पडल्या, आणि त्यांना बक्षीस म्हणून एक थर्मास मिळाला.

कार्यक्रमानंतर जिन्याखाली त्यांनी तो माझ्या हातात दिला. "हा तुमचा. आयडिया तुमची होती."

"असं काय करता, काका!"

"माझी तर अजून जमिनीवरच पडली आहे, मॅडम," असं म्हणून ते कामावर गेले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

त्या महिन्यात मी एकच फॉर्म लिहिला. टेप घेऊन काकांच्या कमरेची उंची मोजली, स्टँडचं चित्र काढलं आणि फॉर्म सहीसाठी त्यांच्यापुढे धरला. काकांनी खिशातून चष्मा काढला, पुसला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचायला लागले. फलकावर लाल ठिपका लागणार हे नक्की होतं. मोठ्या साहेबांचा फोन दोनदा वाजून बंद झाला, तरी काका वाचतच होते. शेवटी त्यांनी पेन मागितलं, आणि सही न करता मी लिहिलेली उंची खोडली.

"सेकंड शिफ्टवाला माझ्याहून कदाने छोटा आहे. वर-खाली होणारा लिहा. त्याची कमर अजून चांगली आहे."