इंजिनाला दिलेला एक फेरा

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर, उस्मानपुऱ्यातल्या गॅरेजमध्ये आमच्या ॲम्बॅसडरचं नव्यानं बांधलेलं इंजिन पहिल्यांदा चालू करून बघितलं. ते चालू झालं नाही. कार्बोरेटरमधून जाळ आला, सायलेन्सरमध्ये बार झाला आणि समोरच्या पिंपळावरचे कावळे उडाले.

त्या दिवशी गाडी चालू होणं गरजेचं होतं. थोरली बहीण देवगाव रंगारीला सासरी होती. पहिलं बाळंतपण. सातव्या महिन्यात तिला आणायचं ठरलं होतं, पण तेव्हाच इंजिन उघडावं लागलं आणि राहिलं. आठव्यात हलवत नाहीत. आता नववा लागला होता, पाय सुजले होते, आणि डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्याजवळ राहायला सांगितलं होतं. तिच्या सासूचा निरोप स्पष्ट होता: शनिवारी अमावस्या, शुक्रवारी दिवस मावळायच्या आत गाडी घेऊन या, नाहीतर बाळंतपण इथंच होईल. एसटीनं किंवा जीपनं पाठवणार नाही. स्टँडवर मी चौकशी करून आलो होतो. टॅक्स्या पर्यटकांना घेऊन सकाळीच अजिंठ्याकडे गेल्या होत्या.

मिस्त्री वडिलांच्याच वयाचे, त्यांचे जुने ओळखीचे. वडील त्यांना उस्ताद म्हणत. सकाळी त्यांनी पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला, भोकावर अंगठा दाबला आणि मला पुढून हँडल घालून इंजिन हातानं फिरवायला लावलं. आतल्या हवेनं अंगठा वर ढकलला, तसं त्यांनी थांबवलं. पुलीवरची पांढरी खूण ब्लॉकवरच्या काट्याशी जुळवली. डिस्ट्रिब्युटर तेवढा बसवायचा राहिला. प्लगमध्ये ठिणगी केव्हा पडायची ते तो ठरवतो. "आलोच," म्हणून ते नमाजाला गेले.

ते गेले आणि आई आली. तिच्या पिशवीत लेकीच्या ओटीचा नारळ, खण आणि तांदूळ होते. हळदीकुंकवाची डबी तिनं वेगळी आणली होती. नवं यंत्र पूजेशिवाय चालवायचं नाही, हा आमच्या घरचा नेम. शिवणयंत्राचं चाक, विहिरीवरची मोटर, सगळ्यांना पहिला फेरा पूजेचा. वडिलांनी बॉनेट उघडलं, तिनं इंजिनावर कुंकू वाहिलं, मग वडिलांनी हँडल घातलं. थोडं फिरवून ते थांबले.

"अर्धवट सोडू नका," आई म्हणाली. "पुरा करा."

वडिलांनी फेरा पुरा केला. खूण फिरून काट्यासमोर आली. मिस्त्री परतले तेव्हा ती सकाळच्याच जागी होती. त्यांनी ती बघितली, डिस्ट्रिब्युटर बसवला, आणि बार झाला.

दुसऱ्यांदा तेच. आई रस्त्यावर जाऊन ऊन बघून आली. मिस्त्रींनी वायरी तपासल्या, पॉइंटमधली फट तपासली. पेट्रोल येत होतं. मग त्यांनी पुलीवरचं कुंकू बघितलं.

"भाभी, हँडल कोणी फिरवलं का?"

"फेरा दिला की. एकच."

"मी नको म्हणत होतो," वडील म्हणाले.

"मग हँडल काय माझ्या हातात होतं?"

मिस्त्री खाली बसले. "अरे साब, या इंजिनाला दोन फेरे लागतेत. एका फेऱ्यात निशाण तिथंच येतं, पण सिलिंडर धूर बाहेर फेकायच्या कामाला लागलेलं असतं. तुम्ही त्याला तिथं आग लावायला सांगताव."

"मग अजून एक देऊ का?" आईनं विचारलं.

"नको! भाभी, आता हात नका लावू. तुम्ही गाडीत बसा."

डिस्ट्रिब्युटर काढून पुन्हा बसवण्याइतका वेळ नव्हता. त्यांनी प्लगांच्या चारही वायरी समोरासमोर बदलल्या, म्हणजे ठिणगी एक फेरा सरकली. इंजिन चालू झालं. चाल ओबडधोबड होती. डिस्ट्रिब्युटर केसभर इकडं, केसभर तिकडं फिरवत ते ऐकत राहिले. वडील दोनदा म्हणाले, "बास की उस्ताद, चालतंय." त्यांनी बोल्ट पूर्ण आवळला नाही. "चढावर कळंल," म्हणाले, आणि पाना घेऊन माझ्या शेजारी पुढं बसले. स्टिअरिंगवर मी होतो, आईवडील मागं.

दौलताबादच्या चढावर इंजिनातून खडखड येऊ लागली, डब्यात चिंचोके हलवावेत तशी. मिस्त्रींनी गाडी थांबवायला लावली. ठिणगी लवकर पडत होती. असंच पुढं नेलं तर पिस्टन जातील, असं त्यांनी सांगितलं. आई मागून म्हणाली, "अजून किती?" मिस्त्री खाली उतरले. त्यांनी हाताला फडकं गुंडाळून डिस्ट्रिब्युटर किंचित मागं फिरवला. गाडी निघाली, पुन्हा खडखडली, पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा आवाज आला नाही. तेव्हा त्यांनी बोल्ट आवळला.

"आता मधी बंद करू नका," ते म्हणाले. "गरम झाल्यावर हिचा भरोसा नाय."

देवगावला बहीण ओट्यावर बसलेली होती. ट्रंक शेजारी, चपला पायात. तिची सासू बाहेर आली. आधी तिनं पश्चिमेकडं बघितलं, मग गाडीकडं. आईनं उभ्या-उभ्याच ओटी भरली. चहा कुणी घेतला नाही. बहिणीला मागच्या सीटवर बसवलं, पायांखाली उशी दिली. इंजिन चालूच होतं.

वेशीतून बाहेर पडलो तेव्हा सूर्य अजून मावळायचा होता.