फळ्यावरचे बिल्ले

पाण्याचा पितळी गुंड चिंचेनं घासला की हाताला जो वास राहतो, तो मला थेट कारखान्याच्या गेटवर नेतो. संप चालू होता, गेटसमोर मांडव टाकून आम्ही बसलो होतो. वाटाघाटींची खबर कंपनी रोज सकाळी गेटवर चिकटवायची. त्या दिवशीच्या कागदात लिहिलं होतं की बहुतेक कामगार कामावर परतले आहेत, उरलेल्यांनीही यावं. मी तो मांडवात मोठ्यानं वाचून दाखवला. दोघंतिघं सतरंजीवरून उठून चपला शोधू लागले. तेवढ्यात मोहाडीकडच्या आमच्या म्हाताऱ्या फिटरनं कागदाशेजारच्या फळ्याकडे बोट दाखवलं. आत जाताना ज्यानं त्यानं आपल्या नंबराचा पितळी बिल्ला त्या फळ्यावरून न्यायचा, हीच आमची हजेरी. "सारे आत गेले म्हणते ना कागद, बाई, मंग हे बिल्ले कायले लटकून राहिले?" एकही खिळा रिकामा नव्हता. मांडवभर असं हसू फुटलं की उठलेले पुन्हा बसले. चौथ्या दिवशी साहेबानं स्वतः येऊन मागण्या मान्य झाल्याचा कागद लावला, आणि मिनिटभरात तो फळा उघडा पडला. आता तिथे मशीनवर अंगठा लावतात. मशीन आलं तेव्हा माझा बिल्ला मी परत केलाच नाही; गुंडाबरोबर तोही घासते, नंबर अजून लख्ख दिसतो.