धाकट्याच्या मापाचं जाकीट

दादाला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. गायचा तो धाकटा, रॉक बँडमध्ये. त्याच्या अंगावरची काळी जाकिटं आणि बाह्या उसवलेले शर्ट मात्र दादाच्या शिलाई मशीनवरचे. लोक रात्री गाणी ऐकायचे आणि सकाळी दादाच्या शिंप्याच्या दुकानात येऊन विचारायचे, "तसलं जाकीट आहे का?" बँड लवकरच मोडला, कपड्यांनी मात्र जोर धरला. धाकट्याच्या टोपणनावानेच पुरुषांच्या कपड्यांचा ब्रँड निघाला, 'वादळ'. दादा कापायचा, शिवायचा. धाकटा ते घालून मिरवायचा. बघता बघता दोघांची पन्नाशी उलटली.

त्या दिवशी नव्या कपड्यांचे फोटो काढायचे होते. शिवणखोलीत दिवे लावून फोटोग्राफर ताटकळत उभा होता. धाकट्याने जाकीट चढवलं. चेन पोटापाशी अडली ती अडलीच.

"श्वास आत घे," दादा म्हणाला.

"अजून किती वर्षं घेऊ?"

दादा हसला. धाकटा हसला नाही. तो कापडाच्या गठ्ठ्यावर मटकन बसला. केसांचा काळा रंग घामाने कपाळावर उतरला होता.

"दादा, गुडघे दुखतात माझे. गिऱ्हाइकं आली की अजून मला स्टेजवरच्यासारखं हात वर करून ओरडायला लावतात. परवा एकाने विचारलं, गायचा तो तुम्हीच का? मी सरळ नाही म्हटलं. इतकं बरं वाटलं रे."

"मग आधी का नाही बोललास?"

"तू एवढ्या हौसेने शिवत होतास."

हौस! दादाला हसावं की रडावं कळेना. त्याची पाठ केव्हाच कामातून गेली होती. धाकट्याचं नाव विसरलं जाऊ नये, एवढ्यासाठीच तो गाडा ओढत होता.

"मी तर तुझ्यासाठी करत होतो," तो हळूच म्हणाला.

मग दादाने त्याच्या अंगातलं जाकीट काढून घेतलं आणि फोटोग्राफरला सांगितलं, "राहू द्या आज."

पुढे एका कंपनीने ब्रँड नावासकट विकत घेतला. सह्या करून दोघे घरी आले. दादा अजून भल्या पहाटे उठतो, चप्पल घालतो, मग त्याला आठवतं, आता दुकानात जायचं नाही. धाकटा आतून ओरडतो, "झोप की आता!"

दादा चप्पल काढतो आणि पडतो. पाठ अजून दुखतेच.