सुरकुतीवाल्या मॅडम

मॅडम नमस्कार करत नसत. समोर माणूस आला की त्याचा हात ओढायचा, मनगटाच्या वर करकचून चिमटा घ्यायचा, सोडायचा आणि ते कातडं परत जागेवर कसं बसतं ते डोळे बारीक करून बघायचं, ही त्यांची ओळख करून घ्यायची रीत. "तोंड काहीही सांगतं," त्या म्हणायच्या, "कातडं खोटं बोलत नाही." मुलाखतीला आलेल्यांना चिमटा, तपासणीला आलेल्या साहेबांना चिमटा, आणि एकदा तर वर्गणी मागायला आलेल्या गणपती मंडळाच्या अध्यक्षालाही. तो बिचारा पावतीपुस्तक तिथंच टाकून पळाला. माझ्या डाव्या हातावर त्या काळात कायम एक काळानिळा डाग असायचा आणि आमची बायको विचारायची, तुम्ही नक्की कामालाच जाता ना?

नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत आमचा छोटासा कारखाना होता. कोल्ड क्रीम, व्हॅनिशिंग क्रीम, थंडीत ओठांना लावायचं मलम. मी पॅकिंगचा सुपरवायझर. सावेडीहून स्कूटरवर जायचो आणि दिवसभर डब्या भरणाऱ्या बायकांवर देखरेख करायचो. खरं तर त्याच माझ्यावर करायच्या. शेठचं मूळ दुकान खतांचं आणि फवारणीच्या औषधांचं. त्यात बरकत आल्यावर त्यांना क्रीमची हौस सुटली. नव्वदचं दशक सरत आलं होतं, घराघरांत केबल आली होती आणि त्यावर परदेशी बायका गाल चोळत सुरकुत्या घालवत होत्या. शेठ म्हणाले, आपणही घालवू. त्यासाठी त्यांनी मुंबईच्या एका कंपनीतून या केमिस्ट बाईंना आणलं. एम.एस्सी. झालेल्या, चाळिशीच्या, मूळच्या पाथर्डीकडच्या. आईवडील ऊसतोडीला जाणारे. बौद्ध कुटुंबातली ही पोर शिकली ती मास्तरांशी, मामाशी आणि एसटीच्या कंडक्टरशी भांडत भांडत, असं त्या स्वतःच सांगायच्या.

भांडत म्हणजे तोंडानं नव्हे. एकदा कामावर येताना एसटीत मागच्या सीटवरच्या एका इसमाचा हात पुढं आला. मॅडमनी मागं न बघता स्टीलचा डबा त्याच्या तोंडावर हाणला. बस स्टँडात आली तेव्हा त्याच्या शर्टावर रक्त होतं आणि डब्याला पोचा. दुपारी जेवताना आम्ही सगळे त्या पोच्याकडं बघत होतो. मॅडम म्हणाल्या, "काय बघता? भाजी शाबूत आहे."

पुण्याचा एक व्यापारी स्वस्तातलं पेप्टाइड, म्हणजे सुरकुत्यांच्या क्रीममधला मुख्य माल, विकायला आला होता. मॅडमनी त्याची पूड पाण्यात टाकली, हुंगली, चाटली आणि त्याची बॅग पहिल्या मजल्याच्या खिडकीतून खाली फेकली. पिठीसाखर होती म्हणे. व्यापारी जिन्याकडं धावला तेव्हा त्याच्या पाठीवर काचेचा ग्लास येऊन फुटला. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांना राग येतो तेव्हा आपण आधी दार कुठं आहे ते बघतो. आम्ही मॅडमच्या प्रयोगशाळेत कायम दाराजवळ उभे राहायचो.

खऱ्या पेप्टाइडचं मात्र त्यांना लहान मुलासारखं कौतुक. फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात एवढंसं पाकीट, आत निळी पूड. माणसानं प्रयोगशाळेत घडवलेलं, तीन दाण्यांच्या माळेसारखं, आणि त्या माळेत अडकवलेलं तांबं. जेवणाच्या सुट्टीत त्या पॅकिंगच्या बायकांना ते समजावून सांगायच्या.

"वय झालं की कातडं काम सोडून बसतं. हा सांगावा घेऊन जाणारा गडी आहे. आत जाऊन सांगतो, उठा, कामाला लागा."

"म्हंजी आमच्या मुकादमावानी?" मथुराबाईनं विचारलं.

"तसाच. फक्त हा दारू पीत नाही."

"आन् त्ये तांबं?"

"ते त्यानं दाव्याला बांधून धरलेलं असतं. बांधलेलं आहे तोवर गुणाचं. मोकळं सुटलं तर चावेल."

मथुराबाई आमच्याकडं यायच्या आधी बरेच हंगाम ऊस तोडायला गेलेली. उन्हात डोळे बारीक करून करून तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांत रेघांची जाळी झाली होती. पुढच्या महिन्यात लेकीचं लग्न होतं आणि फोटो निघणार होते. तिला एकदा हे क्रीम हवं होतं. मॅडमनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता की पहिली डबी मथुराची. मी एकदा धीर करून विचारलं, सुरकुत्या काय वाईट असतात का हो? मॅडम म्हणाल्या, "मला नाही वाटत. पण जिला नकोत तिला खरं औषध मिळालं पाहिजे. गरिबाच्या तोंडाला काहीही फासलेलं मला चालणार नाही."

क्रीम काही लवकर जमलं नाही. तेल वेगळं तापवायचं, पाणी वेगळं तापवायचं, दोन्ही एकत्र घोटायचं आणि ते बाळाच्या अंघोळीच्या पाण्याइतकं कोमट झालं की मगच पेप्टाइड घालायचं. मिक्सर चालवणाऱ्या बबननं एकदा ते गरम घाण्यातच ओतलं. मॅडमनी फेकलेला पळा त्याच्या कानाला चाटून गेला आणि कान फाटला. मग त्याच बबनला माझ्या स्कूटरवर मागं बसवून दवाखान्यात घेऊन गेल्या, टाके पडेपर्यंत त्याचा हात धरून बसल्या आणि येताना मिसळ खाऊ घातली. चुकलं माझं, असं काही म्हणाल्या नाहीत. बबननंही ते मागितलं नाही.

चौदा एप्रिल आली. मॅडम दरवर्षी जयंतीला गावी जात. शेठ कुरकुरले, लग्नसराई तोंडावर आलीय, पुण्याचा डीलर खोळंबलाय. मॅडम म्हणाल्या, "परत आले की पहिला घाणा माझ्या हातानं. आधी मी माझ्या दंडाला लावणार, मग बाकीच्यांनी. तोवर फ्रिजला कुणी हात लावायचा नाही." आणि पाथर्डीच्या गाडीत बसल्या.

फ्रिजला खरंच कुणी हात लावला नाही. त्या गेल्यावर शेठनी बबनला घाणा लावायला सांगितला, कोमट झाल्यावर त्याला चहाला पाठवलं आणि पूड स्वतः घातली. क्रीम सुरेख निळं झालं. आम्ही डब्या भरल्या, लेबलं लावली, खोकी टेम्पोत चढवायला सुरुवात केली. मॅडमनी दिलेल्या शब्दाप्रमाणे मथुराबाईनं आपली डबी घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत नळापाशी बसून, नवरीला हळद लावावी तसं पापण्यांपर्यंत जाड लिंपलं. तिच्या लेखी क्रीम म्हणजे थोडं लावायची चीज नव्हतीच.

एसटी उशिरा आली म्हणून मॅडम नेमक्या त्याच वेळी फाटकातून आत येत होत्या. मथुराबाईची किंकाळी त्यांनी माझ्याआधी ऐकली.

"मॅडम, आग व्हतीय. डोळं जाळलं माझं. दिसना मला."

मॅडमनी तिचं डोकं नळाखाली धरलं आणि मला ओरडून सांगितलं, पाणी थांबवायचं नाही, पापण्या उघड्या धरायच्या. मग तिच्या डबीतलं क्रीम बोटावर घेऊन पाहिलं. द्राक्षाच्या पानावर फवारा मारल्यावर राहतो तसला निळा रंग. त्या फ्रिजपाशी गेल्या. पाकीट सीलबंद होतं. त्या शेठच्या केबिनकडं चालायला लागल्या. मी पाण्याचं काम बबनवर सोपवून मागं धावलो, कारण त्या चालीचा अर्थ मला माहीत होता.

"काय टाकलंत?"

"तुमचंच सामान, मॅडम. दुसरं काय टाकणार?"

"माझ्या सामानाचं पाकीट अजून बंद आहे. तिचे डोळे चाललेत. डॉक्टरला काय सांगू? काय टाकलंत?"

शेठ दार लावायला उठले. "हळू बोला. भाईर डीलरची मानसं हायेत. बाईला सोसलं नसल. जरा गार पानी मारा, मी आपल्या डॉक्टरला निरोप धाडतो. गवगवा नको."

मॅडमनी टेबलावरची नमुन्याची डबी उचलली. दुसऱ्या हातानं शेठची कॉलर धरली आणि त्यांना भिंतीवर असं आपटलं की खिळ्यावरचं कॅलेंडर खाली आलं. चष्मा पडला, तो बुटाखाली चिरडला. "लाव," त्या म्हणाल्या. "आधी तू लाव." शेठ धडधाकट माणूस. त्यांनी मॅडमच्या पोटात गुडघा मारला, बोटाला कडकडून चावा घेतला. रक्ताळलेल्या बोटांनीच त्यांनी ते क्रीम शेठच्या गालांवर, कपाळावर, पापण्यांवर रगडलं. मी मधे पडलो तेव्हा त्यांच्या कोपरानं माझा ओठ फुटला. शेठ खाली बसले, तोंड धरून गुरासारखे ओरडायला लागले.

"सांग. मग पाणी देते."

"मोरचूद," शेठ म्हणाले. "दुकानातलं मोरचूद. तुमचं बी निळं, त्ये बी निळं. तांबंच तर हाय दोन्हीत."

"किती टाकलं?"

"निळं व्हईस्तोर."

मी पुष्कळ मारामाऱ्या पाहिल्यात, पण ते दोन शब्द ऐकल्यावर मॅडमचा जो चेहरा झाला तसा चेहरा पाहिला नाही. पिकावर फवारायचं मोरचूद त्या माणसानं बायकांच्या तोंडाला लावायला भरून दिलं होतं, आणि त्याला अजूनही वाटत होतं की हिशेब बरोबर आहे. मॅडमनी त्यांना मारलं नाही. कॉलरला धरून फरफटत नळापाशी नेलं आणि मथुराबाईच्या शेजारी त्यांचंही डोकं पाण्याखाली दाबलं.

दवाखान्यात न्यायला गाडी एकच होती, तो भरलेला टेम्पो. ड्रायव्हर म्हणाला, माल उतरवल्याबिगर कसं नेणार? मॅडम टेम्पोत चढल्या आणि खोकी रस्त्यावर भिरकावायला लागल्या. काचेच्या डब्या फुटायला लागल्या. मग माझ्या पॅकिंगच्या बायका वर चढल्या. सकाळपासून मान मोडून त्यांनी ज्या डब्या भरल्या होत्या त्याच त्या ओरडत, शिव्या देत डांबरावर आपटत होत्या. डीलरची माणसं लांब जाऊन उभी राहिली. टेम्पो निघाला तेव्हा रस्ता निळा झाला होता आणि काचांवरून जाताना चाकं करकरत होती. आत मथुराबाई, मॅडम, मी, आणि एका कोपऱ्यात तोंडाला ओला पंचा गुंडाळलेले शेठ. मथुराबाई परत परत विचारत होती, "पोरीचं लगीन दिसंल ना मला?"

मॅडमनी दारातच डॉक्टरला सांगितलं, कॉपर सल्फेट आहे. डॉक्टर म्हणाले, बरं झालं लगेच कळलं. शेठचं तोंड भाजल्यासारखं लाल झालं होतं, डोळे वाचले होते. ते मलम लावून घरी गेले आणि घरून पोलीस चौकीत. मथुराबाईच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. आतलं काय ते पट्ट्या काढल्यावरच कळणार होतं. मॅडम तिच्या खाटेशेजारी बसल्या त्या घरी गेल्याच नाहीत. तिला भाकरी कुस्करून भरवायच्या, आणि ती झोपली की बाहेर येऊन भिंतीवर मूठ आपटायच्या.

पट्ट्या काढायच्या दिवशी हवालदार आला. शेठनी मारहाणीची तक्रार दिली होती. आमच्या पॅकिंगच्या बायका भेटायला आलेल्याच होत्या. हवालदारानं विचारायच्या आत त्यांनी त्याला गराडा घातला.

"मॅडमनी काय न्हाई केलं, सायेब. शेठनी सोताच लावलं. माल चांगला हाय का बघत हुते."

"आन् डोक्याला टेंगूळ?"

"डोळ्यात गेलं, दिसना, भितीवं आपटले."

हवालदार ओठ दाबून लिहायला लागला. त्यालाही ते पटवून घ्यायचं होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. तेवढ्यात मॅडम उठल्या.

"खोटं आहे. मी लावलं. भिंतीवरही मीच आपटलं. लिहा." मग बायकांवर कडाडल्या, "तुम्हाला कुणी सांगितलं खोटं बोलायला? उद्या त्याचा वकील म्हणेल, यांचं हे खोटं तसं मोरचूदही खोटं. मग मथुराला कोण विचारतंय? मी मारलं ते खरं, म्हणून त्यानं घातलं तेही खरं."

हवालदारानं पेन थांबवलं. "बाई, तुम्ही गप बसला असता तर मी बी गेलो असतो."

"मला माहीत आहे. पट्ट्या निघेपर्यंत थांबा. मग येते."

तो थांबला. डॉक्टरांनी पट्ट्या सोडल्या. मथुराबाईचे डोळे लालभडक, सुजलेले, भोवतीचं कातडं सोललेलं. ती नुसतीच उघडझाप करत राहिली. मॅडम तिच्यावर वाकल्या होत्या. शेवटी मथुराबाईनं मान जरा मागं घेतली.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमच्या तोंडावं किती सुरकुत्या हायेत ओ."

मॅडमनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, त्या चावलेल्या बोटासकट. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"मोज," त्या म्हणाल्या. "बारीकसुद्धा सोडू नको. मोज, मथुरा."

मथुराबाई खरंच मोजायला लागली. कपाळापासून सुरुवात केली, मग डोळ्यांचे कोपरे, मग ओठांच्या कडा. मधेच चुकायची आणि मॅडम तिला पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावायच्या. हवालदार टोपी काढून दारात उभा होता. मोजून झाल्यावर मॅडम उठल्या, चपला घातल्या आणि त्याच्या पुढं चालायला लागल्या. जाताना त्यांनी कुणाचा निरोप घेतला नाही, आणि त्या आमच्यात पुन्हा आल्याही नाहीत.